अकरा सेकंदांचं स्मरणचित्र

सिन्नर,
22 सप्टेंबर 2019

प्रिय आत्या,

निकाल लागला. यादी खालून वाचलीस तर मी लवकर सापडेन. आई तुला फोनवर ‘कसल्याशा कॉम्प्युटरवरच्या स्पर्धेत हरली’ एवढंच सांगेल, म्हणून हे पत्र.

स्पर्धेचं नाव ‘इलेव्हन सेकंड क्लब’. दर महिन्याला अकरा सेकंदांचा एक आवाज देतात, बहुतेकदा सिनेमातला एखादा संवाद. महिनाअखेरपर्यंत त्यावर अ‍ॅनिमेशन करून पाठवायचं. आवाजाला हात लावायचा नाही. गुण सभासदच देतात. पहिला येतो त्याचं काम एक व्यावसायिक अ‍ॅनिमेटर बारकाईने तपासून दाखवतो, आणि मला तरी ते पैशांपेक्षा मोठं बक्षीस वाटतं. चित्रकलेच्या एलिमेंट्री परीक्षेला तू मला बसवलंस, तेव्हा स्मरणचित्राचे विषय सगळ्यांना तेच असायचे ना? इथे विषयाऐवजी आवाज.

सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे अकरा सेकंदांच्या 264. एकेक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 132 चित्रं. याला ‘टूजवर’ काम करणं म्हणतात, आणि हा आळस नव्हे बरं का. ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये नवशिका माइल्स टूजवर हलतो आणि मुरलेला पीटर प्रत्येक फ्रेमला. म्हणून जंगलातून दोघं बरोबर झुलतात तेव्हा माइल्स अडखळताना दिसतो. या सिनेमाला यंदा ऑस्कर मिळालं.

सॉफ्टवेअर फुकटचं, ब्लेंडर. 2002 साली लोकांनी एक लाख युरो वर्गणी काढून ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं. जुलैअखेर 2.80 ही नवी आवृत्ती आली, तिच्यात ग्रीझ पेन्सिल नावाच्या साधनाने हाताने काढल्यासारखी चित्रं करता येतात. आपला जुना कॉम्प्युटर धापा टाकतो, पण चालतो.

पात्र मात्र गल्लीतलंच घेतलं. शेजारच्या काकू विड्या वळतात, तुला आठवतं ना? मांडीवर सूप, कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, वळली, दोरा गुंडाळला, टोक दुमडलं. तोंडाने साऱ्या गल्लीचा समाचार चाललेला, पण हात आपल्या चालीने चालूच. त्यांच्या तोंडी मी इंग्रजी घातलं! प, ब, म म्हणताना ओठ आवाजाच्या एखादी फ्रेम आधीच मिटावे लागतात, नाहीतर बोलणं मागे रेंगाळल्यासारखं दिसतं. ते जमलं. खरी मेहनत हातांवर गेली. मी ठरवलं होतं, हात एकदाच थांबवायचे. ज्याला विडी म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यालाही तिथे बाईला काहीतरी लागलं हे कळलं पाहिजे. ब्राझीलच्या एका मुलाने विचारलं, ही शिवणकाम करते का? पण ‘थांबते ती जागा छान’ असंही लिहिलं. नंबराचं दुःख तिथेच निम्मं झालं.

सगळ्यात मजा मतदानाच्या दिवसांत आली. त्याच आवाजावर कुणाचा रोबो, कुणाचे आजोबा, कुणाचा बेडूक. ते अकरा सेकंद मला इतके पाठ झाले होते की दुसरा कुठे दमला आणि कुठे त्याने पळवाट काढली, ते लगेच ओळखू येई. मला सर्वांत आवडलेल्या कामात पात्र फक्त पापणी हलवतं. मी मात्र मान, खांदे, पदर, सगळंच हलवत बसले होते. ‘कमी हलव’ हे वर्गात कुणी शंभरदा सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

आबांचं पालुपद तेच: यात पोट भरेल का? मी त्यांना फाळक्यांचं सांगितलं. आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. 1912 मध्ये त्यांनी वाटाण्याचा अंकुर रोज थोडा थोडा टिपून तो झरझर वाढताना दाखवला, आणि ती फिल्म पाहून भांडवल देणारा भेटला. तीही एक प्रवेशिकाच की! आबा शांतपणे म्हणाले, “त्यांच्या बायकोचे, सरस्वतीबाईंचे, दागिने गहाण पडले, तेही सांग.” यावर मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवणार आहे. त्याआधी सरावासाठी मला मराठी आवाज हवाय. तू ठाण्यात रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडतेस ना, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव. फक्त अकरा सेकंदांत भांडण आटप, आणि मध्ये एकदा श्वास घे. हात तिथे थांबवीन.

तुझी लाडकी,
छकुली