गिटारची जवारी

इलेक्ट्रिक गिटारच्या जन्माची गोष्ट सांगताना एक तपशील हमखास मागे राहतो. हे वाद्य भराभर आणि स्वस्तात बनवता यावं, म्हणूनच ते तसं घडवलं गेलं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, पुढेही कधी आली नाही. १९५०च्या सुमारास त्याने जी गिटार बाजारात आणली, तिला ना पोकळ पोट होतं, ना कमानदार पाठ. लाकडाची एक फळी आणि तिला चार स्क्रूंनी जोडलेली मान. मान बिघडली तर चार स्क्रू काढायचे, दुसरी लावायची. जुन्या धाटणीच्या लोकांनी तिला होडीचं वल्हं म्हणून हिणवलं. १९५४ साली त्याची स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिची किंमत होती २४९ डॉलर ५० सेंट. ती स्वस्त होती असं नाही, पण ती देवघरात ठेवायची वस्तू नव्हती. बँडमध्ये वाजवणाऱ्या माणसाचं ते हत्यार होतं.

त्या हत्याराचे दोन वंशज सध्या माझ्या ओळखीत आहेत. एक माझ्याकडे आहे. २०१९ साली बंगळुरात सोळा हजारांना घेतलेली, इंडोनेशियात बनलेली. दुसरी माझ्या मित्राकडे आहे. कॅलिफोर्नियातल्या कोरोना गावच्या कारखान्यातून आलेली, पावणेदोन लाखांची. किंमत जवळजवळ अकरापट. नकाशा मात्र एकच: तोच आकार, तेच तीन पिकअप, तेच चार स्क्रू. माझीवर स्क्वायर हे नाव आहे, त्याचीवर फेंडर. स्क्वायर ही मुळात तारा बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी. फेंडरने ती १९६५ साली घेतली आणि १९८२ साली जपानमध्ये बनणाऱ्या कमी किमतीच्या गिटारींना ते नाव दिलं. जपान महाग झाला तशी कामं पुढे सरकत गेली. आज इंडोनेशियातल्या आणि चीनमधल्या कारखान्यांत निरनिराळ्या नावांच्या गिटारी एकाच छपराखाली तयार होतात.

दोन्हींच्या मानेवर बोटांखाली येणारी पट्टी पाहिली की मला गंमत वाटते. त्याच्या गिटारवर शिसव आहे, माझीवर इंडियन लॉरेल. हे लॉरेल म्हणजे दुसरं कुणी नाही, आपला ऐन. शिसव आणि ऐन, दोघंही सह्याद्रीच्या जंगलातले शेजारी. एकाचं कपाट होतं, दुसऱ्याचा वासा. सातासमुद्रापलीकडे गेल्यावरही ही उतरंड सुटलेली नाही. शिसव पावणेदोन लाखांत गेली, ऐन सोळा हजारांत.

पण लाकडाचा आवाजाशी संबंध किती? गिटारवाल्यांच्या बैठकीत या प्रश्नावर रात्री निघून जातात. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांत गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं, तांब्यात सूक्ष्म वीज वाहते आणि तीच अॅम्प्लिफायर मोठी करतो. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, त्याला फक्त तार कळते. नॅशव्हिलच्या जिम लिल या वादकाने तर धडाशिवायच गिटार करून पाहिली. दोन आधारांमध्ये तारा ताणल्या, खाली पिकअप टांगला, मध्ये नुसती हवा. आवाज ऐकताना धड नाही हे सांगावं लागतं.

मित्राची गिटार पाहून मलाही ती हवीशी झाली होती. पैसेही साठत आले होते. म्हणून मागच्या पावसाळ्यात आम्ही एक रविवार या भांडणासाठी राखून ठेवला. दोन्ही गिटारींना एकाच जाडीच्या नव्या तारा लावल्या. अॅम्प्लिफायर एकच, त्याची बटणं हलवायची नाहीत. मित्र आतल्या खोलीत वाजवणार, मी बाहेर बसून ओळखणार. वीस वेळा वाजवलं, त्यात बारा वेळा माझं उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी दहाच्या आसपास आलीच असती. मग मी आत गेलो आणि तो बाहेर बसला. त्याचे अकरा आले. पावणेदोन लाख घातलेल्या माणसाचा चेहरा त्या वेळी मी मुद्दाम पाहिला नाही. दोन्ही गिटारी न वाजवता नुसत्या ठेवल्या तरी एकसारख्याच गुणगुणत होत्या. घरातली ५० हर्ट्झची वीज असल्या पिकअपमधून ऐकू येते. कुणी न मागितलेला तो तंबोरा महाग आणि स्वस्त असा भेद करत नाही.

नंतर डोळे मिटून एकेक गिटार हातात घ्यायची, असं ठरलं. यात मात्र दोघांचीही एकसुद्धा चूक झाली नाही. एक स्वर वाजवायच्या आत, डावा हात मानेवरून खालून वर नेला की कळायचं. त्याच्या गिटारच्या पडद्यांची टोकं घोटून गुळगुळीत केलेली होती. माझीची बोटाला करकरत होती. त्याची मान कडांना किंचित गोलावलेली, वीस वर्षं वापरलेल्या खुरपीच्या मुठीसारखी. तार ओढून वरचा स्वर घेतला आणि सोडली, की त्याची गिटार जिथून निघाली तिथेच परत यायची. माझी थोडी भटकून यायची.

म्हणजे पैसे गेले होते ते तिथे. लाकूड कापायचं काम आता दोन्हीकडे यंत्रच करतं आणि यंत्राला कोरोना काय नि इंडोनेशिया काय. त्यानंतर माणसाचा हात किती वेळ फिरला, यावर उरलेली किंमत ठरते. त्यात त्या माणसाला त्याच्या देशात तासाला काय मिळतं हेही आलं. बोटाखालच्या गुळगुळीतपणात कारागिराचे तास असतात, आणि किमतीच्या फरकात दोन देशांच्या पगारांतला फरक.

मी मिरजेचा. सतारमेकरांच्या गल्लीत लहानपणी पाय रेंगाळायचे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांचं काम सुरू केलं. पुढे त्यांच्या पिढ्यांनी गावाचं नाव देशभरच्या गवयांच्या घरात पोचवलं. तिथला एक शब्द मला या सगळ्यात सारखा आठवत राहिला: जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने अलगद घासून त्याला असा उतार द्यायचा की तार त्यावर टेकता टेकता कंप पावावी. काम कणाकणाचं. जरा कमी झालं तर तार मुकी, जरा जास्त झालं तर किरकिरी. भोपळा उत्तम, तुणीचं लाकूड उत्तम, पण जवारी लागली नसेल तर तंबोरा बोलत नाही. आणि साध्या तंबोऱ्याची जवारी चांगली लागली, तर गवई डोळे मिटून घेतो. जवारी एकदा लावली की झालं, असंही नसतं. वाजवून वाजवून ती उतरते, पुन्हा लावून आणावी लागते.

गिटारलाही जवारी असते, फक्त तिला कुणी तसं म्हणत नाही. मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या आधी, एक छोटी आडवी पट्टी असते. सतारीत तिला मेरू म्हणतील. तिच्या खाचांमधून तारा जातात. खाचा हव्या तेवढ्या खोल नसतील तर तार उंच राहते. मग पहिल्या पडद्यावर बोट दाबताना तार जास्त वाकते, ताणली जाते आणि स्वर चढतो. मोकळ्या तारा काट्यावर जुळलेल्या असल्या, तरी बोट ठेवलं की गिटार बेसूर होते. स्वस्त गिटारीत ही खोट फार आढळते, कारण खाचा खोल करणं धोक्याचं काम आहे. एक घासा जास्त पडला तर ती पट्टीच टाकून द्यावी लागते. कारखान्याला घाई असते, म्हणून तो खाचा उथळच ठेवतो.

रविवारी सकाळी मी चार-पाच मुलांना गिटार शिकवतो. त्यांच्यात बारा वर्षांची एक मुलगी आहे. तिचे वडील आमच्याच भागातल्या एका मोठ्या सोसायटीत इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांनी सहा हजारांत गिटार आणि छोटा अॅम्प्लिफायर असा जोड घेऊन दिला. ‘आधी स्वस्तातली घेऊ, टिकली तर बघू,’ असं ते मला म्हणाले. यात चूक काहीच नाही. आपल्याकडे मुलांचे सगळे छंद याच वाक्याने सुरू होतात. मुलगी कष्टाळू. पण एफ कॉर्ड आला आणि ती अडली. पहिल्याच पडद्यावर एक बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं, म्हणजे जिथे खोट सगळ्यात जास्त नडते तिथेच. दोन आठवड्यांनी ती पडेल आवाजात म्हणाली, “अंकल, माझी बोटं लहान आहेत. मला नाही जमणार.”

मी तिची गिटार घेऊन एफ लावला. पस्तीस वर्षांची सवय असलेल्या माझ्या बोटालासुद्धा जोर लावावा लागला, आणि ट्यूनरचा काटा तरीही उजवीकडेच गेला.

स्वस्त आणि महाग यांतला जो फरक मला महत्त्वाचा वाटतो, तो इथे आहे. मुरलेल्या वादकाला वाद्य बेसूर वाटलं तर तो वाद्याकडे पाहतो, शिकणारा स्वतःकडे पाहतो. वाद्यातली खोट त्याला आपल्यातली खोट वाटते. बोटं लहान, कान कच्चे, अंगात कलाच नाही, असा निकाल तो देऊन टाकतो आणि गिटार कपाटावर जाते. मग ‘टिकली नाही बघा’ असं म्हणून घरचेही मोकळे होतात. चांगलं वाद्य वादकाकडे आणि कामचलाऊ वाद्य शिकाऊकडे, ही आपली वाटणी न्यायाची दिसते, पण गरज नेमकी उलटी असते. मुरलेला माणूस होडीच्या वल्ह्यातूनही काहीतरी काढेल. डॅनइलेक्ट्रोच्या गिटारी दाबलेल्या लाकडी भुश्शाच्या पातळ फळ्यांच्या असत आणि त्यांचे पिकअप लिपस्टिकच्या नळ्यांत बसवलेले. जिमी पेजसारख्या माणसाने त्या मंचावर वाजवल्या आणि कुणाची तक्रार आली नाही.

उलट टोकाला डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर आहे. त्याने १९७० साली न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली, कारखान्यातून इतर हजारोंबरोबर निघालेली साधी गिटार. पुढे तिची मान बदलली, पुन्हा बदलली, पिकअप बदलले. २०१९च्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. त्या पैशांत लाकूड आणि तांबं किती, याचा हिशेब कुणी मांडला नाही. घेणाऱ्याने आठवण विकत घेतली, आणि आठवणीला कारखाना नसतो.

अमेरिकन गिटार मी अजून घेतलेली नाही. कदाचित घेईन. हाताला ती हवी आहे, एवढं कारण मला पुरतं. आवाज सुधारेल या आशेवर मात्र घेणार नाही. मुलांच्या आईवडिलांना मी आता एवढंच सांगतो: सोळा हजार ठरवले असतील तर चौदाचीच गिटार घ्या आणि दोन हजार कारागिरासाठी ठेवा.

त्या मुलीची गिटार मी एका कारागिराकडे घेऊन गेलो. त्याने खाचा कानशीने उतरवल्या, वर आलेले चार पडदे सपाट केले, मानेतली सळई थोडी आवळली, आणि अठराशे रुपये घेतले. निम्मे तिच्या वडिलांनी दिले. मला सगळे द्यायचे होते, पण ते ऐकेनात. पुढच्या रविवारी तिने एफ लावला. पहिल्यांदा चार तारा वाजल्या, मग पाच, आणि तास संपता संपता सहाही.

नंतरच्या आठवड्यात ती लवकर आली. गिटार जोडली, कॉर्ड वाजवला, मान तिरकी करून तो विरेपर्यंत ऐकला. मग कुणाची चहाडी सांगावी तशा आवाजात म्हणाली, “अंकल, हिचा आवाज काही फार चांगला नाही, नाही का?”