मुळापासून साडेतीन सेंटिमीटर

हमरापूर,
२६ जून

प्रिय वन्सं,


परवा तुमचा फोन आला तेव्हा मी गणपतीच्या कारखान्यात होते, हातात शून्य नंबरचा ब्रश. तुम्ही बोलत होतात आणि मी नुसती हं हं करत होते. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर दोघींचाही आवाज चढला असता. हे म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. म्हटलं नको, वन्संचं व्हॉट्सअ‍ॅप त्यांची लेक ओवी वाचते. म्हणून पत्र.

तुमचं म्हणणं एवढंच ना, की ओवी मे महिन्यात मामाच्या गावाला आली, कारखान्यातल्या पोरींत खेळली आणि जाताना डोक्यात उवा घेऊन गेली? शाळेत तिला वेगळ्या बाकावर बसवलं, चार आयांत तुमची मान खाली गेली, हे ऐकून मलाही वाईट वाटलं. खोटं नाही सांगत. पण पुरावा म्हणून तुम्ही पाठवलेला फोटो मी नीट बघितला. आमचं पोटच बारीक बघण्यावर चालतं.

केस ओवीच्या गणिताच्या चौकटीच्या वहीवर ठेवलाय. एका टोकाला मुळाचा पांढरा ठिपका, पुढे रव्याच्या कणासारखी लीख. मी आमच्या तन्वीची तशीच वही काढली, चौकटी मोजल्या, पट्टी लावली. लीख मुळापासून साडेतीन सेंटिमीटरवर. आता बघा, ऊ अंडं घालते ते केसाच्या अगदी बुडाशी, टाळूची ऊब मिळते तिथे, आणि असा डिंक लावून ठेवते की पाण्याने, शाम्पूने सुटत नाही. पिल्लू आठ-नऊ दिवसांत बाहेर पडतं, पण टरफल चिकटलेलंच राहतं आणि केस वाढेल तसं टाळूपासून लांब जातं. केस महिन्याला एक सेंटिमीटर, फार तर सव्वा वाढतो. म्हणजे ही लीख तीनएक महिन्यांची, मार्चअखेरची. तेव्हा ओवी डोंबिवलीत परीक्षेचा अभ्यास करत होती. आमच्याकडे आली ८ मेला.

तेव्हा पाहुण्या इथून तिकडे गेल्या नाहीत, दिवा-रोहा गाडीत बसून तिकडून इकडे आल्या. हे मी भांडायला लिहीत नाही. (थोडं लिहितेच आहे.) तुम्हाला आधी कळलं नाही यात तुमचीही चूक नाही. पहिल्यांदा उवा होतात तेव्हा लगेच खाज सुटत नाही. त्यांच्या लाळेची अ‍ॅलर्जी यायला चार-सहा आठवडे जातात. तोवर पोर मजेत असतं.

आणि ओवीला तरी कुणी दिल्या, हे शोधत बसू नका. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. इथे गणपतीच्या डोळ्यांची आखणी बघायला चार पोरी एका मूर्तीवर वाकतात, तिथे एका मोबाइलवर वाकत असतील. घाणीचा तर संबंधच नाही, तिला रक्त हवं, ते न्हालेल्या डोक्यातही असतं. रोग पसरवतात त्या अंगावरच्या उवा, ह्या नव्हेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर म्हणते, उवांपायी मुलाची शाळा बुडवू नका. बाईंना सांगून बघा.

ओवीचे केस कापायचं म्हणालात, तेवढं करू नका. पोर फोनवर रडली. ऊ राहते बुडाशी, बॉयकट करून तिचं काय बिघडणार? आणि आईंनी शिवलेली गोधडी तुम्ही गच्चीवर टाकून दिलीत म्हणे. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते, वन्सं. ऊन नसलं तर पिशवीत घट्ट बांधून ठेवायची, झालं.

शेजारणीने रॉकेल सुचवलंय, ते मनातूनही काढा. कातडी भाजते, पेट घेतला तर संपलंच. सीताफळाच्या बियाही नकोत. आई त्या वाटून लावायच्या आणि तुमचा डोळा आठ दिवस लाल होता, हे त्यांनीच मला सांगितलंय. थेंबभर ओघळ गेला तरी बुबुळावरचा पडदा सोलवटतो.

मी काय करते ते सांगते. तन्वीला ट्यूबलाइटखाली पाटावर बसवते, खांद्यावर आईंचं जुनं पांढरं धुवट पातळ. केस ओले करून कंडिशनर भरपूर चोपडते. त्यात ऊ पळत नाही, जागीच थबकते. मोठ्या कंगव्याने गुंता काढायचा, भांग पाडून एकेक बट घ्यायची आणि फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत आणायची. प्रत्येक वेळी कापडावर पुसून बघायची. पोटात काळसर रेघ असलेली, तिळाएवढी, पाय हलवणारी. नखावर घेऊन टच्. कोंडा आहे की लीख, अशी शंका आली तर बोटाने ढकला. कोंडा घसरतो, लीख हलत नाही. कानामागे आणि मानेच्या खळीत जास्त सापडतात. दर तीन-चार दिवसांनी हे करायचं, तीन आठवडे. पिल्लू अंडी घालायच्या लायकीचं व्हायला नऊ-दहा दिवस लागतात. त्याआधी फणीत आलं की वंश खुंटला.

फणी स्टीलची, घट्ट दातांची घ्या. शाम्पूच्या खोक्यात येते ती वाकते. फणीवरून आठवलं, २०२२ साली पेपरात आलं होतं. इस्राएलमधल्या लाखीशला सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडलीय, अंगठ्याएवढी. एका बाजूला सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक, अगदी आपल्या फणीसारखी. तिच्यावर कुणीतरी कोरून ठेवलंय, की केसांतल्या आणि दाढीतल्या उवा जाऊ देत. ज्या लिपीत कोरलंय तिच्यातलं हे सापडलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य म्हणतात. म्हणजे माणसाने वाक्य लिहिलं ते उवांना वैतागून!

औषध हवंच असेल तर एक टक्क्याचं पर्मेथ्रिन मिळतं. धुतलेले केस टिपून लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं. पण त्याने लिखा मरत नाहीत, म्हणून नवव्या दिवशी परत लावायचं. इथेच सगळ्या फसतात. पहिल्या धुण्याला उवा मेल्या की बाटली फळीवर, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा खाज. काही उवा औषधाला दाद देत नाहीत. तसं झालं तर दुप्पट लावू नका, डॉक्टरांकडे न्या. खाजवून जखमा झाल्या असतील तर आधीच न्या.

इकडे पाऊस लागलाय, मूर्ती सुकत नाहीत, सगळीकडे पंखे लावून ठेवलेत. गणपतीला याल तेव्हा गोधडी अजून गच्चीवर असेल तर घेऊन या. ओवीला तिच्या मामीचे पापे.

तुमची,
वहिनी

ता. क. कालच्या विंचरण्यात तन्वीच्या डोक्यात सात निघाल्या. माझ्या डोक्यात दोन. तुमचंही कुणाकडून तरी बघून घ्या.