ग्वाल्हेरच्या गडावर कॅमेऱ्याची परीक्षा

ग्वाल्हेर हे नाव मराठी माणसाच्या कानास परके नाही. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास जेथे आपल्या सैन्याचा तळ दिला, त्या छावणीचेच पुढे शहर झाले आणि त्यास लष्कर हे नाव कायमचे चिकटले. लष्करच्या जुन्या वस्तीत आजही एखाद्या दारातून अचानक मराठी बोल कानी पडतात आणि आपण घरापासून हजार-बाराशे किलोमीटर दूर आहोत याचा क्षणभर विसर पडतो. किल्ला, मंदिरे, मकबरे आणि राजवाडा यांनी समृद्ध अशा या नगरीविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आमचा यावेळचा प्रवास मात्र कॅमेऱ्याच्या परीक्षेसाठी होता, हे ऐकून वाचकांस थोडे नवल वाटेल.

त्याचे कारण असे. आमच्या धर्मग्रामात फुलवाडी करणारे एक कुटुंब आहे. त्यातील थोरल्या मुलास छायाचित्रणाची ओढ लागली. लग्नकार्यांची छायाचित्रे काढून चार पैसे मिळवावेत, असा त्याचा मानस. त्याने एका दुकानातून यादी आणली. तीत एक डीएसएलआर कॅमेरा, तीन भिंगे, तिपाई व इतर सामान असून एकूण बेरीज १,१०,००० रुपये होती. घरात ठेव होती ६०,००० रुपयांची. उरलेली रक्कम हप्त्यांनी फेडावयाची. आणि त्याच ठेवीतून धाकट्या मुलीची परिचारिका-अभ्यासक्रमाची फी भरावयाची होती. मुलाच्या वडिलांनी ती यादी आमच्यापुढे ठेवली व म्हणाले, "फादर, यातले खरोखर लागणारे कोणते आणि नुसते मिरवण्याचे कोणते, एवढे सांगा."

प्रश्न रास्त होता; परंतु दुसऱ्याच्या गरजेचा निवाडा घरबसल्या करणे आम्हांस पटेना. ग्वाल्हेरला सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी असतात. त्यांच्या भेटीस आम्ही जाणारच होतो. एका स्नेह्याकडून नवशिक्यांसाठीचा एक डीएसएलआर व तीन भिंगे आठवड्यापुरती मागून घेतली, त्या तरुणास बरोबर घेतले आणि पंजाब मेलने निघालो. करार एवढाच होता: दोन दिवस मनसोक्त छायाचित्रे काढावयाची आणि मग कोणते भिंग किती उपयोगी पडले, याचा हिशेब मांडावयाचा. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर भिंगाचे नाभीय अंतर, छिद्राचे माप आणि वेळ यांची नोंद आपणहून ठेवतो. त्यामुळे हिशेबात स्मरणशक्तीवर विसंबण्याचे कारण नव्हते.

डीएसएलआर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक लहान आरसा तिरपा बसविलेला असतो. भिंगातून आलेला प्रकाश त्यावरून वर परावर्तित होतो आणि वरच्या बाजूस बसविलेल्या लोलकातून किंवा आरशांतून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश मागील सेन्सरवर पडतो. भिंगे काढता-घालता येतात, हा याचा मोठा गुण. आणि खिसा रिकामा होतो तोही याच गुणापायी.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही मानमंदिरासमोर उभे राहिलो. राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६ ते १५१६) यांनी बांधलेल्या या प्रासादाचा दर्शनी भाग पूर्वाभिमुख आहे. त्यामुळे सकाळचे ऊन थेट त्यावर पडते आणि निळ्या रंगीत फरशा व त्यांतील पिवळ्या बदकांची रांग झळकू लागते. कॅमेऱ्याबरोबर सर्रास मिळणारे १८-५५ मिलिमीटरचे साधे भिंग येथे पुरेपूर पुरे पडले. छिद्र एफ ८, वेळ १/२०० सेकंद; बदकाची चोचसुद्धा स्पष्ट उमटली. भरपूर उजेडात स्वस्त भिंग व महाग भिंग यांतील भेद नवशिक्यास शोधूनही सापडत नाही, हा पहिला धडा.

याच किल्ल्यावर १८८० च्या दशकाच्या आरंभी लाला दीनदयाळ आपला लाकडी कॅमेरा व काचेच्या पट्ट्या घेऊन आले होते. त्यांचा जन्म १८४४ साली सरधना येथे झाला. बेगम समरू यांनी बांधलेल्या मातामंदिरामुळे हे गाव आमच्या वाचकांस ठाऊक असेल. रुरकीला शिक्षण घेऊन ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास, वयाच्या तिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून त्यांनी छायाचित्रण आरंभिले. सर लेपेल ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील वास्तूंवरील १८८६ च्या ग्रंथात त्यांचीच छायाचित्रे आहेत. पुढे निजामाने त्यांस 'राजा' ही पदवी दिली. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. एका चित्रास एक पट्टी खर्ची पडे. म्हणून उन्हाचा कोन पारखल्यावाचून पट्टी उघडावयाची नाही, अशी ती विद्या. आमच्या तरुणाने हे ऐकून पहिल्या तासात काढलेली नव्वद चित्रे पुन्हा पाहिली. एकाच जागेवरून काढलेल्या चाळिसांमध्ये त्यास काही फरक दिसेना. तेव्हापासून तो कळ दाबण्यापूर्वी चार पावले इकडेतिकडे चालून पाहू लागला.

दुपारी उरवाही खोऱ्यातील जैन मूर्ती पाहिल्या. कड्यात कोरलेली आदिनाथांची उभी मूर्ती सुमारे १७ मीटर उंच आहे. एवढी उंची चित्रात मावावी म्हणून १८ मिलिमीटरचे रुंद टोक लागले. तेही त्याच साध्या भिंगात होते. दूरचे जवळ आणणारे ७०-३०० मिलिमीटरचे भिंग तरुणाने फार उत्साहाने लावले, तेली मंदिराच्या शिखरावरील कोरीवकाम टिपले, कड्यावर बसलेल्या घारी टिपल्या आणि मान अवघडल्यावर ते पिशवीत ठेवून दिले.

किल्ल्याच्या पूर्वेकडील चढणीवर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. लहानसे, वाटेवरून जाणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटणारे. आतल्या भिंतीवर इ. स. ८७६ चा लेख आहे. देवास दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोज द्यावयाच्या फुलमाळा ५०, अशी त्यात नोंद असून दोन्ही आकड्यांतील शून्य आजच्याप्रमाणेच वर्तुळाकार कोरलेले आहे. काळ निश्चित ठाऊक असलेल्या, दगडावर कोरलेल्या भारतातील अत्यंत जुन्या शून्यांपैकी हे होय. फुलवाडीच्या घरातील मुलास माळांचा हा हिशेब पाहून हसू आले. त्याच्या आईच्या वहीतही असेच आकडे असतात.

त्या शून्याचा आणि हातातील यंत्राचा संबंधही आम्ही त्यास सांगितला. सेन्सरवरील प्रत्येक सूक्ष्म बिंदू आपल्यावर पडलेला प्रकाश मोजतो आणि ते माप शून्य व एक या दोन अंकांच्या मांडणीत लिहून ठेवतो. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हा त्यात असे १०,००० बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आजच्या साध्या कॅमेऱ्यातही २ कोटी ४० लाख बिंदू असतात. भिंतीवर लावण्याजोगे बारा बाय अठरा इंचांचे चित्र छापण्यास एवढे पुष्कळ झाले. याहून अधिक बिंदूंसाठी नवशिक्याने जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मंदिरात उजेड बेताचा होता. तरीही साध्या भिंगातील कंपरोधक योजनेने हाताची थरथर सावरली आणि शून्य नीट उमटले, कारण दगड हलत नाही. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्यात लागली. सोळाव्या शतकातील या वास्तूच्या चारही अंगांस दगडी जाळ्या आहेत; शेजारीच तानसेन चिरनिद्रा घेत आहे. जाळीतून गाळून येणाऱ्या उजेडात एक आजी नातवास घेऊन बसली होती. आम्ही प्रथम परवानगी विचारली. तिने हसून मान डोलावली. १८-५५ च्या भिंगाचे छिद्र त्या ठिकाणी एफ ५.६ पलीकडे उघडेना आणि वेळ १/१५ सेकंद आली. आजीचा चेहरा बरा आला, पण मुलाचा हात धुरासारखा पुसट झाला. कंपरोधक योजना आपल्या हातास आवरते. मुलास कशी आवरणार? मग ५० मिलिमीटरचे एफ १.८ चे भिंग लावले. त्यातून सुमारे दसपट प्रकाश आत येतो. वेळ १/१५० वर आली आणि मुलाची बोटे स्पष्ट उमटली. मात्र छिद्र पूर्ण उघडल्याने आजीचे डोळे रेखीव तर मुलाचा कान अस्पष्ट, असे झाले. छिद्र थोडे मिटून एफ २.८ केले, तेव्हा दोघेही साधले. लग्नाच्या मांडवात, देवालयात, घरच्या ओट्यावर प्रकाश असाच अपुरा असतो आणि माणसे अशीच हलत असतात, हे त्या तरुणाच्या ध्यानी आले.

रात्री सहाध्यायांच्या घरी हिशेब मांडला. एकूण चित्रे ४१२. त्यांपैकी १८-५५ ने काढलेली ३०९, ५० ने काढलेली ८४ आणि ७०-३०० ने काढलेली अवघी १९. त्याने स्वतः निवडलेल्या उत्तम वीस चित्रांत ५० च्या भिंगाची अकरा, साध्या भिंगाची नऊ. तिसऱ्याचे एकही नाही. दुकानाच्या यादीत सर्वांत महाग भिंग ते तिसरेच होते. आम्हांस निवाडा द्यावा लागला नाही. मुलाने आपणच पेन घेऊन त्या ओळीवर काट मारली.

पुढची गोष्ट कॅमेऱ्याची. कॅनन व निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. त्यांचा सारा भर आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. यास्तव पुष्कळ जण आपले जुने कॅमेरे विकीत आहेत आणि चांगल्या स्थितीतील यंत्र निम्म्या किमतीत मिळू शकते. ज्याला हौसेने शिकावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने ही सोय आहे. ज्याला पुढे दहा वर्षे भिंगांचा संग्रह वाढवावयाचा आहे, त्याने मात्र नव्या जातीचा विचार करावा. भिंगे फार काळ टिकतात. निकॉनची जोडखोबण १९५९ पासूनची, कॅननची ईएफ १९८७ पासूनची. तरी निकॉनची जुनी, आत मोटर नसलेली भिंगे नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांवर आपोआप नेम साधत नाहीत, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

जुना कॅमेरा घेताना पडदा किती वेळा उघडला आहे, याचा आकडा पाहावा. अशा साध्या यंत्राच्या पडद्याचे आयुष्य साधारण एक लाख उघडझापींचे धरतात. भिंगातून विजेरीचा झोत टाकून पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय आणि तसले भिंग फुकटही घेऊ नये. मूळ बिल मागावे व त्यावरील क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात बुरशी लवकर धरते. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून भिंगे ठेवावीत आणि पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.

परतल्यावर कुटुंबाने खरेदी केली. १८-५५ च्या भिंगासह जुना कॅमेरा २४,००० रुपयांस, नवे ५० चे भिंग १०,५०० रुपयांस. कार्ड, जादा बॅटरी व पिशवी मिळून ४,५००. एकूण ३९,००० रुपये. हप्ता नाही, ठेवीतले २१,००० रुपये शिल्लक राहिले आणि त्यांतून मुलीच्या फीचा पहिला भाग वेळेवर भरला गेला. लग्नाची कामे स्वतंत्रपणे घेण्यापूर्वी एका अनुभवी छायाचित्रकाराच्या हाताखाली एक हंगाम काढावयाचे मुलाने ठरविले आहे. मांडवात लागणारा फ्लॅश तेथे शिकून, मिळकतीतूनच घ्यावयाचा.

ज्या घरांत अशी यादी येऊन पडली असेल, त्यांस आमची विनंती एवढीच, की ती फाडू नये आणि लगेच मान्यही करू नये. दोन दिवसांसाठी कोणाचा तरी कॅमेरा मागून घ्यावा. ग्वाल्हेरपर्यंत जाण्याचीही जरुरी नाही, आपली बाग, बाजार आणि घरचा ओटा पुरेसा आहे. मग मुलाला बरोबर बसवून चित्रे मोजावीत. कोणते भिंग हवे, हे त्या मोजणीतून समजेल. कोणत्याही भिंगाने चित्रे फारशी निघालीच नाहीत, तर हातातला मोबाइल पुरेसा आहे, हेही त्याच मोजणीतून कळेल.