वंगण

माझे बालपण ज्या खेड्यात गेले तेथे बैलगाडीवाचून कोणाचेच चालत नसे, आणि लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी चाकाची खीळ काढून, चाक थोडे बाहेर ओढून, आसाला काळे वंगण माखण्याचे काम माझे वडील गड्यावर न सोपवता स्वतःच्या हाताने करीत असत. वंगण नीट लागले नाही की आस तापतो, कुरकुरतो आणि अखेर त्याचा सारा जाच बैलांच्या मानेवर येतो, एवढे शास्त्र त्यांना अनुभवाने अवगत होते.

पुढे उमेदवारीसाठी मी मुंबईच्या गिरणगावात आलो. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू होऊन तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, त्याला तेव्हा बराच काळ लोटला होता. आमच्या गिरणीतील मोठ्या मोटारींचे रोटर स्लीव्ह बेअरिंगांत फिरत असत. या बेअरिंगात गोळ्या नसतात, रूळ नसतात. असते ते आतून व्हाइट मेटलचे गुळगुळीत अस्तर. मुख्यत्वे कथील आणि त्यात थोडे अँटिमनी व तांबे असा हा मऊ मिश्रधातू अमेरिकेतील आयझॅक बॅबिट याच्या नावाने ओळखला जातो, आणि अशा बेअरिंगाचे पेटंट त्याला १८३९ साली मिळाले. प्रसंग ओढवलाच तर आपण झिजावे, वितळावे, परंतु पोलादी शाफ्टला शक्य तोवर इजा होऊ देऊ नये, हा त्या अस्तराचा धर्म होय. शाफ्टवर एक सैल पितळी कडी टेकलेली असते व तिचा खालचा भाग तेलाच्या कुंडीत बुडालेला असतो. शाफ्ट फिरू लागला की ही ऑइल रिंगही सावकाश फिरते आणि तेल वर आणून सोडते. आमच्या खात्यातील वृद्ध तेलवाला पाळीवर रुजू होताच प्रत्येक बेअरिंगचे झाकण उघडून ती रिंग फिरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाही, आणि त्यानंतरच नोंदवहीला हात लावी.

त्याच्या या शिरस्त्यामागील तत्त्व मला पुढे ग्रंथांतून उमगले. रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत असता इंग्लंडमधील ब्यूचॅम्प टॉवर याने १८८३ च्या सुमारास बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडले, तेव्हा त्यातून तेल वर येऊ लागले. त्याने बूच ठोकले, तर तेलाने तेही बाहेर ढकलून दिले. शाफ्ट तेलाच्या दाबावर तरंगत असतो, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता. त्याची गणिती मीमांसा ऑसबोर्न रेनॉल्ड्स याने १८८६ मध्ये केली. फिरणारा शाफ्ट निमुळत्या फटीत तेल ओढून नेतो, तेथे दाब उत्पन्न होतो, आणि कित्येक टन वजनाचा रोटर मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या थरावर उचलला जातो. हा आधार यंत्र आपल्या गतीने आपणच निर्माण करते. म्हणूनच खरी झीज होते ती सुरू होताना आणि थांबताना. मनुष्याने सांभाळावयाचे ते एवढेच, की योग्य प्रतीचे निर्मळ तेल योग्य पातळीवर अखंड मिळत राहावे.

हे ‘एवढेच’ किती अवघड आहे, ते औष्णिक वीजकेंद्रांच्या नोकरीत कळले. तेल फार पातळ असेल तर थर तुटतो, फार घट्ट असेल तर रिंग मंदावते. पातळी उतरली तर रिंग कोरडी राहते, वाढली तर तेल शाफ्टच्या कडेने झिरपून वाइंडिंगपर्यंत जाते. पाणी शिरले तर तेल दुधी होते, करपले तर काळवंडते. एका केंद्रात पंख्याच्या मोटारीतील तेलाची पातळी तेलदर्शक काचेत रोज बरोबर दिसत होती, प्रत्येक पाळीची सही दप्तरात हजर होती, आणि तरीही एका रात्री बेअरिंगचे तापमान ९० अंशांपलीकडे जाऊन मोटर बंद पडली. उघडून पाहता अस्तर वितळून ओढले गेले होते. काच आणि कुंडी यांना जोडणारा मार्ग गाळाने बुजल्यामुळे काचेत जुनेच तेल उभे राहिले होते, तर कुंडीतील तेल गळून रिंगच्या खाली उतरले होते. नोंदवहीत असत्य असे एक अक्षरही नव्हते. सर्वांनी काच पाहिली होती, रिंग कोणीच पाहिली नव्हती.

आता तापमानाचे आणि कंपनांचे आकडे दूरच्या नियंत्रणकक्षात क्षणोक्षणी उमटतात, आणि त्यांचे मी मनापासून स्वागत करतो, कारण त्यांनी अनेक यंत्रे वाचवली आहेत. परंतु तापमान चढल्याचे वर्तमान येते तेव्हा तेलाचा थर बहुधा आधीच दुबळा झालेला असतो. रिंग मंदावलेली, तेल दुधाळलेले, ही लक्षणे त्यापूर्वी पाहणाऱ्याच्या डोळ्यांनाच दिसतात. म्हणून ज्या तरुण मित्रांच्या सुपूर्द आज ही यंत्रे आहेत, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: पाळीचा ताबा घेताना झाकण उघडा, रिंग फिरताना पाहा, तेलाचा रंग पाहा, आणि मगच सही करा.