शेपटीकडची जागा

दारावरच्या पाटीत माझ्या नावापुढे एम.बी.बी.एस., एम.डी., डी.एम. लिहिलंय. साडेपाच वर्षं, मग तीन, मग पुन्हा तीन. आर्वीकडच्या एका आजीने ती पाटी नातवाकडून वाचून घेतली आणि मला विचारलं, "एवढं शिकून नुसतं रगतच पायता काय, बापू?"

हो आजी, रगतच. तेही एक थेंब. काचपट्टीच्या टोकाला थेंब ठेवायचा, दुसरी पट्टी तिरकी धरून टेकवायची, थेंब कडेने पसरला की एका दमात ओढायची. जिभेसारखा लेप उमटतो. मुळाशी दाट, शेपटीकडे विरळ. शेपटीच्या जरा अलीकडे पेशी सुट्या होतात. माझी साडेअकरा वर्षं त्या नखाएवढ्या जागेत. ऋतूही आडवे येतात. मे महिन्यात वर्ध्याच्या उन्हात लिशमन रंग आटून स्लाइडवर कचरा बसतो. श्रावणात लेप सुकत नाही, मग तांबड्या पेशींत नसलेली भोकं दिसतात.

शिकागोच्या हेरिकने 1910 मध्ये लिहून ठेवलेल्या विळ्यासारख्या पेशी आमच्याकडे नेहमीच्या. साधी तांबडी पेशी 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20. हाडं दुखतात म्हणून पोर शाळा बुडवतं आणि घरात कामचुकार ठरतं. कुणाच्या स्लाइडवर पांढऱ्या पेशींचा बाजार भरलेला असतो. तो क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया निघाला, तर 2001 मध्ये बाजारात आलेल्या इमॅटिनिबच्या गोळीवर माणूस पुन्हा वखरामागे उभा राहू शकतो. कच्च्या पेशीच दाटल्या असतील, तर मी खुर्ची ओढून नातेवाइकांजवळ बसतो.

नवा डी.एम. होतो तेव्हाची गोष्ट. हिंगणघाटकडचा एक कापूसवाला. मशीनच्या कागदावर प्लेटलेट 18 हजार. अंगावर ना डाग, ना हिरडीतून रक्त; तरी मी प्लेटलेट चढवायच्या आणि अस्थिमज्जा तपासायची, असं लिहून मोकळा. रक्त द्यायला चौघे जण बाह्या सरसावून उभे. लॅबमधले काका हळूच म्हणाले, "साहेब, शेपटी पाहून घ्या."

पाहिली. प्लेटलेटचे घोसच्या घोस तिथे चिकटलेले. नळीतल्या ई.डी.टी.ए.मुळे काहींच्या प्लेटलेट अशा गोळा होतात आणि मशीन घोस मोजत नाही. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं: 2 लाख 10 हजार.

बाहेर येऊन सांगितलं, काही झालेलं नाही, घरी जा. त्याचा मेहुणा दंड उघडा टाकून तसाच उभा.

"मंग मले टोचाचं नाही का?"

"नाही."

तो जरा हिरमुसलाच.