भायखळ्याच्या जिन्यांवरून

भायखळा बहुतेकांना पुलावरूनच ठाऊक असतो. जे. जे.चा उड्डाणपूल २००२ पासून गाड्यांना असा वरच्यावर नेतो की खालचा मोहल्ला दिसतच नाही. दिसतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्या, त्यांत वाळत घातलेल्या चादरी आणि एखाद्या गजाआडची लोखंडी खाट. ती खाट दिवसाही अंथरलेली असली, तर त्या घरात कोणीतरी पडून आहे असे समजावे.

आम्ही दोघी उर्दू शाळेतल्या शिक्षिका. नववीतली एक मुलगी आठवड्यातून तीन-तीन दिवस गैरहजर राहू लागली, म्हणून तिच्या घरी गेलो. नानीला पक्षाघात झालेला, अम्मी सकाळीच कामावर जाते, आणि नानीची कूस बदलायला घरात ही एकटीच. त्याच वेळी एका सेवाभावी संस्थेच्या सिस्टर तिथे आल्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन पाहणे हे त्यांचे काम. संस्थेला आणि त्या त्या घरांना विचारून त्यांनी आम्हाला पुढचे दोन शनिवार सोबत येऊ दिले.

तसा हा भाग दवाखान्यांचाच. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय १८४५ पासून इथे आहे. डेव्हिड ससून यांनी मागेन डेव्हिड हे निळे सिनेगॉग ज्या परिसरात बांधले, तिथेच त्यांचा ‘सां सूसी’ नावाचा बंगलाही होता. त्या बंगल्यात आज मसीना रुग्णालय आहे; डॉ. मसीना यांनी ते १९०२ मध्ये सुरू केले. इतकी मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर असूनही पाठीवरची जखम होते ती घरी. कारण रुग्णालय पंधरा दिवसांनी घरी पाठवते आणि पुढचे पंधरा महिने घरच्यांचे असतात.

बेडसोर म्हणजे काय, ते सिस्टरांनी खडा पारशाच्या पुतळ्याजवळ सिग्नलची वाट पाहताना समजावले. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व मांस चेपले जाते, बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही. आपण निरोगी माणसे झोपेतही नकळत कूस बदलतो. ज्याला हलता येत नाही किंवा ज्याच्या अंगाला संवेदना नाही, त्याचे मांस काही तासांत मरू लागते. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू ही त्याची ठिकाणे. जखम कधी कधी आतून सुरू होते आणि वर दिसते तेव्हा खाली पोकळी झालेली असते.

गोऱ्या कातडीवर लाल डाग दिसतो. बोटाने दाबल्यावर तो पांढरा झाला नाही तर धोका ओळखावा, असे पुस्तकात असते. आपल्या सावळ्या अंगावर लाली फसवते. तिथे हात लावून पाहावे लागते. ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का, टणक किंवा पिलपिली लागते का, रंग जांभळट झाला आहे का? सिस्टर प्रत्येक घरी आधी हात धुऊन पुसून कोरडे करत आणि मग तळहाताची मागची बाजू टेकवत.

मदनपुऱ्यातल्या एका इमारतीत लिफ्ट नव्हती, आणि चौथ्या मजल्यापर्यंतचा लाकडी जिना मधल्या पायरीवर झिजून खोलगट झाला होता. खोली दहा बाय बाराची. खाट दोन बाजूंनी भिंतीला चिकटलेली, कारण रात्री उरलेल्या जागेत पाच जण झोपतात. मोहल्ल्यातली खरी अडचण इथे आहे. आजोबांना भिंतीकडे वळवायचे तर पलीकडे उभे राहायला जागाच नाही. म्हणून घरचे त्यांना नेहमी खोलीकडेच वळवत, आणि जखम एकाच खुब्यावर झाली. सिस्टरांनी मुलाला हाक मारून आधी खाट भिंतीपासून हातभर ओढली. औषधपेटी उघडली ती त्यानंतर.

मग आडवी चादर. नेहमीच्या चादरीवर पाठीपासून मांड्यांपर्यंत एक जाड सुती चादर आडवी घालायची, दोघांनी दोन बाजूंनी तिची गुंडाळी धरायची आणि माणूस उचलून सरकवायचा. काखेत हात घालून ओढले की हाडे सरकतात, कातडी मात्र गादीला चिकटून राहते, आणि आतले मांस फाटते. डोक्याकडची बाजू खूप उंच केली तरी हेच होते, माणूस हळूहळू खाली घसरत राहतो. कुशीवर वळवायचे तेही पूर्ण खुब्यावर नाही. पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंशांत कलते ठेवायचे. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यायची की टाचा अधांतरी राहतील.

घरोघरी मायेने केल्या जाणाऱ्या काही गोष्टी सिस्टरांनी बंद करायला सांगितल्या. लाल झालेल्या जागी तेल चोळणे हे त्यांत पहिले. कोरड्या कातडीला हलका हात लावा, पण हाडावरची लाल जागा रगडली की आतले नाजूक मांस तुटते. पूर्वी पाठ स्पिरिट लावून चोळत आणि वर पावडर टाकत. आता नर्सिंगमध्ये ते शिकवत नाहीत. रबराचे मधे भोक असलेले चक्र औषधाच्या दुकानांत अजून मिळते. ते जखमेला जागा देते असे वाटते, प्रत्यक्षात भोकाभोवतीचे रक्त अडवते. रेग्झिनही थेट पाठीखाली नको, घाम साठतो. हवेची गादी चांगली, भाड्यानेही मिळते, पण ती आली म्हणून कूस बदलणे थांबत नाही.

किती वेळाने बदलायची? दुसऱ्या महायुद्धात, १९४४ पासून, इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी कणा मोडलेल्या सैनिकांची कूस रात्रंदिवस दर दोन तासांनी बदलायला लावली. तोवर असे सैनिक फार दिवस जगत नसत. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१४ च्या सूचनांत धोक्यातल्या प्रौढाला निदान दर सहा तासांनी आणि जास्त धोक्यातल्याला निदान दर चार तासांनी हलवावे असे आहे. साध्या कापसाच्या गादीवर सिस्टर दोन-तीन तासच सांगतात.

एका घरातल्या सुनेने अजानीवर हिशेब बांधला होता. कल्पना आम्हाला आवडली, पण सिस्टरांनी बोटे मोजली. फजर ते जोहर सहा-सात तास, इशा ते फजर नऊ-दहा तास. असर, मगरिब, इशा मात्र जवळजवळ. म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच मोठी पोकळी. शिवाय त्यांच्या सासूबाई उजव्या कुशीवर किब्ल्याकडे तोंड करूनच राहायचा हट्ट धरत. सिस्टर म्हणाल्या, “खाला, नमाजेच्या वेळी उजवी कूस, मधल्या वेळात डावी आणि पाठ. चालेल?” खाला थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग रात्री दोनला मला कोण उठवणार?” सुनेने हात वर केला. दिवसभर शिवणकाम करणारी ती बाई. मोठ्या मुलाने तेवढ्यात मोबाइलवर गजर लावला आणि एक पाळी स्वतःकडे घेतली. मुलांना हे जमत नाही असे आपण गृहीत का धरतो, कोण जाणे!

नागपाड्याकडच्या एका घरी मकतबात शिकवून निवृत्त झालेले बुजुर्ग होते. कूस बदलताना ते हसून म्हणाले की असहाब-ए-कहफनाही अल्लाहने असेच उजवीकडे-डावीकडे वळवले होते. सूरह कहफमध्ये तो उल्लेख आहे, आणि जमिनीने त्यांची शरीरे खाऊ नयेत म्हणून हे वळवणे होते, असे मुफस्सिरांनी लिहिले आहे. सिस्टरांना हे नवीन होते. त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

जखम भरायला बाहेरच्या मलमाइतकेच पोटातले अन्न लागते. अंडी, डाळ, मासे, दही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. आपल्या घरांत आजाऱ्याला महिनोन्महिने पातळ खिचडी आणि साबुदाणा देतात, त्याने मांस कसे भरणार? मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी. जखमेला घाण वास आला, पू आला, ताप भरला किंवा काळी खपली धरली, तर घरी थांबू नये. जंतू रक्तात गेले की जिवावर बेतते. ‘सुपरमॅन’ ख्रिस्तोफर रीव्ह यांच्याकडे पैसा आणि परिचारिका दोन्ही होते, तरी २००४ मध्ये बेडसोरच्या संसर्गाने ते आजारी पडले आणि दगावले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या.

आता सिस्टरांविषयी. सकाळी नऊपासून सहा घरे, म्हणजे वीसेक जिने. त्यांनी दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाही. आम्ही आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “पाणी पिऊन जाऊ कुठे?” मोहल्ल्यात बायकांसाठी स्वच्छ शौचालय शोधणे हे रुग्ण शोधण्याहून कठीण. ज्या घरी अयादतीला वीस माणसे येतात, तिथे त्या पट्टी बदलायला आल्या की प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. कोणी “ए बाई” म्हणते. माणूस एकट्याने उचलून त्यांची स्वतःची कंबर दुखते, ते कोणी विचारत नाही.

त्यांना लागते ते फार नाही. बसायला खुर्ची, हात धुवायला साबण व धुतलेला रुमाल, पट्टीच्या वेळी चांगला दिवा, शौचालयाची किल्ली न मागता पुढे करणे. बोलायला घरातले एकच जबाबदार माणूस. आणि खाटेला बांधलेली एक वही : किती वाजता कोणत्या कुशीवर ठेवले, काय खाल्ले, कातडी कशी दिसली.

केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमन सेवा सुरू झाली आणि पुढे मलप्पुरमच्या गावोगावी शेजाऱ्यांनीच ती उचलली. नर्स घरी येते तेव्हा तिच्यासोबत प्रशिक्षण घेतलेला शेजारी असतो. तो एरवीही जातो, चादर बदलतो, किराणा पोहोचवतो. २००८ मध्ये केरळ सरकारने याचे धोरणच केले. आपल्या मोहल्ल्यांत जमाती आहेत, बायकांच्या इज्तिमा होतात, लग्नाच्या देगी एकमेकांकडे जातात. हाताची कमी नाही.

आमच्या विद्यार्थिनीच्या मजल्यावर दोन शेजारणींनी सकाळच्या दोन पाळ्या वाटून घेतल्या, आणि मुलगी शाळेत येऊ लागली. शेवटच्या शनिवारी तिथल्या गॅलरीत सिस्टरांनी आठ-दहा बायकांना आडवी चादर कशी धरायची ते दाखवले. रुग्ण म्हणून एका सहावीतल्या मुलाला खाटेवर निजवले होते आणि हातपाय अजिबात हलवायचे नाहीत अशी ताकीद दिली होती. चार जोड्यांनी त्याला आळीपाळीने इकडून तिकडे वळवले. पाचव्या जोडीची पाळी येईतो तो गाढ झोपला होता.