ताप नाही, म्हणजे आजार नाही?

गेली अठ्ठावीस वर्षे मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालविते. या काळात माझ्या तोंडून सर्वाधिक वेळा बाहेर पडलेला प्रश्न कोणता असेल, तर तो ‘ताप आहे का?’ हाच. उत्तर ‘नाही’ असे आले की रुग्णाच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावरची काळजी थोडी उतरते आणि खरे सांगायचे तर माझीही उतरत असे. हा दिलासा किती फसवा असू शकतो, ते मला माझ्याच घरात शिकावे लागले. तो अनुभव आज तुमच्यापुढे मांडते आहे, तो डॉक्टर म्हणून जितका, तितकाच सून म्हणून.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातील गोष्ट. माझ्या सासूबाई तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. नागपंचमीला वेळेअभावी मी पुरणाची दिंडे विकत आणली होती. ती त्यांना रुचली नाहीत आणि तसे त्यांनी बोलूनही दाखविले. दुसऱ्या दिवशी त्या जेवायला खाली आल्या नाहीत. चहा अर्धा टाकला, विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तर दिले नाही. मी मनाशी म्हटले, रुसल्या असतील. तरी कर्तव्य म्हणून थर्मामीटर लावले. पारा ९९ अंशांवर होता. ९९ म्हणजे काही ताप नव्हे, असे म्हणून मी दवाखान्यात निघून गेले. संध्याकाळी त्यांनी माझ्या पतींना त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावाने हाक मारली, तेव्हाही ‘वय झाले’ एवढेच आम्ही एकमेकांना सांगितले.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या न्हाणीघराच्या दारात पडल्या. मी धावत गेले आणि प्रथमच त्यांच्या श्वासाकडे नीट पाहिले. मिनिटाला बत्तीस श्वास! बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८६ दिसत होता. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झाला होता आणि तो एका रात्रीतला नव्हता. अकरा दिवस रुग्णालयात काढून त्या घरी आल्या. थोडे बरे वाटू लागल्यावर एकदा मला म्हणाल्या, “अगं, मी रुसले नव्हते. मला बोलायलाच सुचत नव्हतं.” हे वाक्य मी अजून विसरू शकलेले नाही.

ताप का आला नाही? ताप हा जंतूंचा नसतो, तो आपल्या शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी रासायनिक निरोप पाठवितात, ते मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रापर्यंत पोहोचतात आणि मग शरीर उष्णता वाढविते. वार्धक्यात हे निरोप क्षीण होतात आणि उष्णता निर्माण करण्याची ताकदही उणावते. परिणामी घरात चोर शिरलेला असतो, पण कुत्रा भुंकत नाही.

याच्या मुळाशी असलेला बदल मात्र फार आधी सुरू झालेला असतो. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. टी-पेशी तेथे तयार होऊन बाहेर पडतात. तारुण्यात पदार्पण केल्यापासूनच ही ग्रंथी आक्रसू लागते आणि तिच्या जागी चरबी साठते. नव्या शत्रूला ओळखू शकणाऱ्या ताज्या पेशींची भरती त्यामुळे घटत जाते. उरतात त्या मुख्यतः जुन्या लढायांची आठवण ठेवणाऱ्या पेशी. दुसरीकडे, कोणताही संसर्ग नसताना शरीरात मंद दाह धुमसत राहतो. म्हणजे वृद्धाची प्रतिकारशक्ती केवळ दुबळी झालेली नसते, ती अस्थानी झालेली असते. जेथे पेटून उठावे तेथे थंड आणि जेथे शांत राहावे तेथे धुमसणारी.

रुग्णालयातील त्या रात्री सासूबाईंच्या खाटेशेजारी बसून मी याविषयी वाचू लागले. वाचता वाचता एका बेटावर पोहोचले, आणि तेथे मला आपल्याच देशातून गेलेली मंडळी भेटली.

कॅरिबियन समुद्रात पोर्टो रिकोच्या किनाऱ्यापासून सुमारे एक किलोमीटरवर कायो सांतियागो नावाचे चिमुकले बेट आहे. १९३८ साली क्लॅरेन्स कारपेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतातून जहाजाने ४०९ लाल तोंडाची माकडे नेऊन तेथे सोडली. उत्तर भारतात सर्वत्र दिसणारे हेच ऱ्हीसस माकड. रक्तगटापुढे आपण जे ‘आरएच’ लिहितो, ती अक्षरे त्याच्याच नावातली. आज त्या बेटावर नांदणारी दीड हजारांहून अधिक माकडे त्या मूळ मंडळींचीच वंशज आहेत. त्यांना खाद्य पुरविले जाते, शिकारी प्राणी तेथे नाहीत आणि प्रत्येकाची आई कोण, वय किती, याची नोंद ठेवलेली असते.

माकडांचाच अभ्यास कशासाठी? माणसाचे वार्धक्य जन्मापासून पाहायचे तर अभ्यासकाचे स्वतःचे आयुष्य पुरणार नाही. ऱ्हीसस माकड मात्र क्वचितच तिशी ओलांडते. त्याचे एक वर्ष म्हणजे ढोबळमानाने आपली तीन-चार वर्षे. त्याची थायमस आपल्यासारखीच आक्रसते, दाह आपल्यासारखाच वाढतो. शिवाय त्याला ना तंबाखूचे व्यसन, ना औषधांचा डबा.

२० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ या भीषण चक्रीवादळाने हे बेट झोडपून काढले. निम्म्याहून अधिक हिरवाई नष्ट झाली. सावलीच उरली नाही आणि उन्हाचा कहर सुरू झाला. वादळापूर्वी व वादळानंतर घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांची संशोधकांनी तुलना केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. वादळ अनुभवलेल्या माकडांच्या प्रतिकारपेशी सरासरी सुमारे दोन वर्षांनी अधिक वयस्क दिसत होत्या. माणसाच्या हिशेबात ही सात-आठ वर्षे होतात. दाहाशी संबंधित जनुके अधिक जागी झाली होती, तर पेशीतील प्रथिनांची घडी नीट राखणारी जनुके मंदावली होती.

हे वाचून मी सासूबाईंकडे पाहिले. अकरा दिवसांत त्या अकरा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या. ज्या बाई आदल्या आठवड्यात जिना चढत होत्या, त्यांना उशीवरून डोके उचलणे जड जात होते. वय हे केवळ पंचांगाने वाढत नाही. एखादा आघातही ते पुढे ढकलतो.

परंतु त्याच अभ्यासात दिलाशाची एक जागा होती. सर्व माकडे सारखी वयस्क झाली नव्हती. काहींवर वादळाचा परिणाम फारसा दिसला नाही. याच बेटावरील इतर निरीक्षणे येथे आठवतात. ही जात मोठी तापट, मानापमान सांभाळणारी. तरीही वादळानंतर उरलेल्या तुटपुंज्या सावलीत माकडे एकमेकांना शेजारी बसू देऊ लागली. जुन्या मैत्र्या घट्ट करण्यापेक्षा त्यांनी नवी ओळखपाळख वाढविली. ज्यांनी अधिक जणांशी असे जुळवून घेतले, त्यांची जगण्याची शक्यता वाढल्याचे पुढे आढळले.

आणखी एक प्रयोग सांगते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ४५ ऱ्हीसस माद्यांचे पाच-पाचांचे गट केले होते. गटात जी आधी आली ती वरचढ, जी शेवटी आली ती सर्वांत खालची. खाणेपिणे सर्वांना भरपूर. तरीही खालच्या पायरीवरील माद्यांच्या रक्तपेशी जिवाणूंच्या घटकांना अधिक दाहक प्रतिसाद देत होत्या. मग गट बदलून पायऱ्या बदलल्या, तेव्हा पेशींचे वागणेही बदलले! समाजातील आपले स्थान रक्तापर्यंत पोहोचते आणि ते स्थान सुधारले तर रक्तही सावरते.

माणूस म्हणजे माकड नव्हे, हे मला समजते. तरीही त्या रात्री मी स्वतःला एक प्रश्न विचारला. सासरे गेल्यापासून सासूबाई वरच्या खोलीत एकट्या राहत होत्या. ‘त्यांना शांतता हवी’ असे आम्ही म्हणत असू. ती शांतता त्यांनी मागितली होती, की आम्ही ती त्यांना देऊन टाकली होती?

घरी आणल्यावर त्यांची खाट आम्ही खालच्या बैठकीच्या खोलीत लावली. येणारा-जाणारा आता त्यांच्याशी दोन शब्द बोलूनच पुढे जातो. भाजी निवडायला त्यांच्यासमोर ठेवली जाते आणि माझ्या चुका काढण्याचा त्यांचा हक्क पूर्ववत चालू आहे. त्या पुन्हा जिना चढल्या नाहीत. पण गेली तीन वर्षे त्यांना रुग्णालयाची पायरीही चढावी लागलेली नाही.

आता तुमच्यासाठी कामाच्या चार गोष्टी.

पहिली, घरातील वृद्ध व्यक्ती बरी असताना सलग काही दिवस तिचे तापमान मोजून लिहून ठेवा. सासूबाईंचे नेहमीचे तापमान ९७ अंश निघाले. म्हणजे त्या दिवशीचे ९९ हा त्यांच्यासाठी तापच होता. तो मला वाचता आला नाही. नेहमीपेक्षा दोन अंश फॅरनहाइटची वाढ ही धोक्याची सूचना समजावी.

दुसरी, अचानक जेवण सोडणे, असंबद्ध बोलणे, सतत झोपून राहणे, तोल जाऊन पडणे, कपड्यांत लघवी होणे, यांना ‘वय झाले’ म्हणू नका. वय एका दिवसात होत नाही. पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ते पंचविसांवर गेले तर डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नका.

तिसरी, फ्लूची लस दरवर्षी, तसेच न्यूमोकॉकल लस यांविषयी आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. पन्नाशीनंतर नागिणीच्या लसीविषयीही विचारावे. वृद्धांत लसीचा प्रतिसाद काहीसा कमी असतो, हे ती टाळण्याचे कारण नव्हे. ती वेळेवर घेण्याचे कारण आहे.

चौथी, ताटात डाळ, दूध, अंडे असे प्रथिनयुक्त काही रोज असू द्या आणि ताटासमोर कोणीतरी बसलेले असू द्या.

आमच्या बैठकीच्या खोलीत आता खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तीत सासूबाई स्वतःच्या हाताने आपले तापमान लिहितात. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे नेहमीचे तापमान किती, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? नसेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. थर्मामीटर नंतर आणले तरी चालेल.